कानशीवाल्या आत्याचा डूख

माझी आत्या सव्वीस वर्षं एका कारखान्यात लोखंड घासायच्या कानशींवर दाते पाडत होती. एका सोमवारी तिथल्या धाकट्या मालकांनी तो बंद केला आणि त्याच शेडमध्ये परदेशी कानशींचं गोदाम थाटलं. माल जिथं बनायचा त्या देशात जो भाव, त्याच्या निम्म्यानं इथे विक्री. आत्या रडली नाही. तिनं डूख धरला.

असा माल अडवायला देशोदेशींनी मिळून नियम केलेत, हे तिला युनियनच्या वकिलानं सांगितलं. नियम चांगलाच आहे. फक्त तक्रार कारखानदारानं करायची. जिची नोकरी गेली तिला कोण विचारतो? मग आत्या शेवटच्या चालू कारखान्याच्या मालकामागे हात धुऊन लागली. त्यानं वैतागून अर्ज केला. दोन वर्षांनी परदेशी मालावर जादा कर बसला. वरातीमागून घोडं! तरी तिथल्या चाळीस जणांच्या नोकऱ्या वाचल्या. आत्याला मात्र वय झालं म्हणून घेतलं नाही.

धाकटे मालकही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. महिन्याभरात तोच माल तिसऱ्याच देशाचा शिक्का घेऊन आला. त्या देशाला कर लागू नव्हता.

पण शिक्का बदलला तरी यंत्र तेच होतं. आत्यानं त्या कारखानदाराला पुन्हा तक्रार करायला लावली आणि चौकशीला स्वतः हजर राहिली. तिथे अधिकाऱ्यानं वेगवेगळ्या कारखान्यांच्या वीस कानशी टेबलावर मिसळल्या. आत्यानं डोळे मिटून प्रत्येकीच्या मुठीकडच्या टोकावरून अंगठा फिरवला. त्या यंत्रावर दात्यांच्या शेवटच्या तीन ओळी उथळ पडायच्या. तिनं आठ बाजूला काढल्या: चार जुन्या शिक्क्याच्या, चार नव्या.

"एकाच आईची लेकरं," ती म्हणाली.

अधिकाऱ्यानं भिंग लावून पाहिलं आणि तिसऱ्या देशात माणूस पाठवला. तिथे कारखाना नव्हताच, नुसती खोकी भरायची शेड होती. माल बंदरात अडकला, गोदामाला सील लागलं.

त्या सकाळी आत्या नवी चप्पल घालून बघायला निघाली. मीही गेलो. खोटं कशाला बोलू, मलाही धाकट्या मालकांचं तोंड बघायचं होतं.

"काय मिळालं, बाई?" मालक म्हणाले. "तुमचा कारखाना उघडणार आहे का आता?"

"नाही."

"हा कर पाचच वर्षं असतो. नंतर मी पुन्हा माल आणणार."

आत्या गोदामाच्या पायरीवर ऐसपैस बसली.

"आणा की. मी पुन्हा अर्ज करायला लावीन. मला दुसरं काम कुठं ठेवलंय तुम्ही?"