तक्रार नाही, साहेब

सैन्याचे गोडवे कुणी माझ्यासमोर गाऊ लागलं की मी उठून आत जाते. लोकांना राग येतो. येऊ दे.

माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा, डावा पाय सीमेवर सुरुंगात गेला. गुडघ्याखाली लाकडी पाय बसवून सैन्याने त्याला काशीला घरी धाडलं. घाटावरच्या मंगला गौरीच्या देवळाजवळ आमचं घर, म्हणजे दाराबाहेर पडलं की पायऱ्याच. काही वर्षांत कापलेल्या पायाचं मांस आटलं आणि लाकडी पाय सैल झाला. आई त्यात वडिलांच्या जुन्या पंच्याच्या घड्या कोंबायची आणि वरून पट्टी आवळायची. संध्याकाळी त्या रक्ताने चिकटलेल्या निघायच्या. नवा पाय हवाच होता. तो द्यायचा की नाही, हे लष्करी इस्पितळातलं डॉक्टरांचं मंडळ ठरवणार होतं.

आमचं घर भिक्षुकाचं. थोरामोठ्यांपुढे जायचं ते न्हाऊन, धुतलेल्या कपड्यांत आणि ताठ. गबाळं जाणं म्हणजे समोरच्याचा अपमान. आईने पँटला कडक इस्त्री केली. वडिलांनी कपाळाला गंध लावलं. इस्पितळात नाव पुकारल्यावर दादाने कुबडी माझ्याकडे दिली.

"साब लोकांसमोर लंगडत जाऊ? पलटणीची काही इज्जत आहे की नाही?"

दार उघडंच होतं. तो खाडखाड चालत गेला आणि सावधान उभा राहिला. मधल्या डॉक्टरांनी मान वर केली.

"कोई तकलीफ, जवान?"

"नहीं, साब!"

"बढ़िया चल रहे हो. शाबाश!"

झाली तपासणी! मी आत घुसून ओरडले, "पट्टी खोलकर तो देखिए!" दारावरच्या शिपायाने मला बाहेर काढलं. दादा माझ्यावरच उखडला, "सगळ्यांसमोर तमाशा केलास!"

दुखलं तरी दुखतं म्हणायचं नाही, हे ज्याच्या हाडीमांसी भिनवलंत, त्यालाच विचारता दुखतं का म्हणून? आमच्या चौकातला एक्केवालासुद्धा घोड्याला विचारत बसत नाही, खूर उचलून बघतो. जखमी शिपायाला, वर्षानुवर्षं आजारी असलेल्या शिपायाला विचारूच नये. त्याला खाली बसवावं, पट्टी सोडावी आणि आपल्या डोळ्यांनी पाहावं. एवढंही त्या बिल्लेवाल्यांना जमलं नाही. मी त्यांना माफ केलेलं नाही, करणारही नाही.

नवा पाय नामंजूर झाला. दादा जुनाच पाय घालून, पायऱ्या चढत-उतरत, संकठा घाटावर जात राहिला. पावसाळ्यात जखम चिघळली, हाडापर्यंत गेली, आणि त्याच इस्पितळात त्याचा पाय मांडीतून कापावा लागला.

पुढच्या वेळी मंडळासमोर त्याला चाकाच्या खुर्चीतून नेलं. आता मात्र सगळ्यांनी वाकवाकून पाहिलं. नवा पाय ताबडतोब मंजूर झाला. तेच डॉक्टर जरा चिडूनच म्हणाले, "पहले क्यों नहीं बताया?"

दादाने बसल्या जागी पाठ ताठ केली.

"गलती हो गई, साब."