कालवं परत करणारी भारती

भारती स्वतःच्या घरात शिरतानासुद्धा उंबऱ्यावरून ओरडायची, "मी आयली रे!" मी आता चारकोपला राहते, पण तेव्हा खारदांड्याच्या गल्लीत आमची भिंत तिच्या भिंतीला लागून होती. मला वाटायचं, मासे विकून विकून बाईचा आवाज चढलाय, दुसरं काय!

खरं कारण तिनेच एकदा पापलेट साफ करता करता सांगितलं. तिच्या नवऱ्याची, हरेशची, होडी वादळात उलटली होती. हरेशचा धाकटा भाऊ त्याचा हात धरून होता, तो हात सुटला. हरेश एकटा परत आला. तेव्हापासून मागून चाहूल लागली तरी तो दचकायचा. भारतीने झोपेत अंगावर हात टाकला की धडपडून उठायचा, घामाने चिंब. पुढे तो ओटीवरच झोपायला लागला. "माझ्यावरचा जीव उडला काय गं त्याचा?" तिने मला विचारलं.

गल्लीला एवढंच दिसत होतं की पाळणा हलत नाही आणि नवरा बाहेर झोपतो. यावर कोळीवाड्याचं औषध ठरलेलं: कालवं. शिंपल्यातलं हे मांस म्हणे पुरुषाची ताकद वाढवतं. मग काय, चुलत सासवा आणि शेजारणी खडकावरची कालवं फोडून वाट्या भरभरून आणायच्या, वर भारतीला डोळा मारायच्या. हरेश बिचारा मान खाली घालून गिळायचा आणि आणखीच मिटायचा. मला त्या बायांचा संताप यायचा आणि, खरं सांगते, हसूही यायचं. एके दिवशी भारतीने वाटी परत केली. "त्याची ताकद नाय गेली, काकी. जीव घाबरलाय त्याचा. कालवं काय करतील त्याला?"

मग ती त्याला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं, की हा नामर्दपणा नाही आणि प्रेम आटणंही नाही. जिवावरच्या प्रसंगानंतर शरीर पहाऱ्यावरच राहतं, त्याला जवळीक सोसत नाही. मी देते त्या गोळ्यांनीही कधी इच्छा मंदावते. तसं झालं तर लाजू नका, मला सांगा. आणि घाई करू नका. भारतीने घाई खरंच सोडली. टीव्ही बघताना ती विचारायची, "हात ठेवू?" तो "नको" म्हणाला की "बरं" म्हणून लसूण सोलायला घ्यायची. "नको बोलतो ना? मग कधीतरी हो पण बोलेल," असं तिचं म्हणणं.

एवढी वाट पाहायला माहेर तयार नव्हतं. एका रविवारी तिचा भाऊ तिला न्यायलाच आला. दार उघडं होतं. आवाज ऐकून मीही जाऊन उभी राहिले.

"तिचा काय दोष नाय, दादा," हरेश म्हणाला. "भीती माझ्या अंगात हाय. तिला जायचं असेल तर मी अडवणार नाय." हे बोलताना त्याचा चेहरा बघवत नव्हता.

भाऊ भारतीकडे वळला. "नवराबायकोसारखं काय उरलंय गं तुमच्यात?"

भारती लाजली नाही.

"काल दुपारी ह्याने आपणहून माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि झोपला. माझा हात बधिर झाला, पण मी हलली नाय. तुझी बायको झोपते काय रे तुझ्याजवळ एवढी बिनघोर?"

भावाने चप्पल घातली. हरेश तिच्याशेजारी येऊन बसला.