फौजेत गेलेला डबा

१९९९ सालची दिवाळी. कापसाचा पहिला वेचा नुकताच घरात आला होता. त्याच उन्हाळ्यात कारगिलची लढाई झाली होती, म्हणून आमच्या देवळीला अचानक जवानांची आठवण झाली. एरवी सुटीवर आलेल्या पोराच्या ट्रंकेला एसटीत जागा न देणारे हेच लोक.

चांगल्या कामाचे किस्से होत नाहीत. काम झालं की संपतं. मिरवायच्या कामाचे किस्से मात्र न खपलेल्या मालासारखे साचत जातात. माझं किराण्याचं दुकान आहे, न खपलेला माल मला कळतो.

समिती झाली. कापडवाले सेठजी अध्यक्ष. रिटायर झालेले गुरुजी चिटणीस. पार्सल शिवायचं दाभण माझ्या दुकानात होतं, म्हणून मी सभासद.

* * *

सेठजींनी दोन गठ्ठे बनियान दिले. जाळीचे.

मी म्हणालो, "सेठजी, बर्फात जाळीचं बनियान?"

"आतून घालतीन ना भाऊ. वरचं सरकार देते."

ते बनियान तीन उन्हाळे त्यांच्या दुकानात पडून होते. देशासाठी दुकान रिकामं करणारा माणूस मी तेवढाच पाहिला.

* * *

फराळ आला. मी पार्सल मांजरपाटात शिवून तयार केलं. सेठजी म्हणाले, "थांबा, वर्ध्याहून फोटोवाला येऊन राह्यला."

तो चार दिवसांनी आला. शिवलेलं पार्सल पाहून म्हणाला, "याचा काय फोटो काढू? फराळ दिसला पाह्यजे."

टाके उसवले. सेठजींनी लाडू धरला, गुरुजींनी करंजी. फोटो झाला आणि दोघांनीही हातातलं खाऊन टाकलं.

मी पाहत राहिलो, तसे गुरुजी म्हणाले, "हाताळलेलं परत कसं ठेवायचं? स्वच्छतेचा प्रश्न आहे."

मी पुन्हा शिवायला बसलो.

* * *

आमच्या गल्लीत एकच पोरगा खरोखर फौजेत होता. विधवा कौसाबाईचा दिनू. तिला समितीने विचारलं नव्हतं. ती आपणहून आली, जवसाची चटणी घेऊन.

गुरुजी म्हणाले, "बाई, फराळात चटणी बसत नाही."

"वर बर्फात तोंडाले चवच नाई म्हणते माहा पोरगा."

"आपण देशाच्या जवानासाठी पाठवतो आहोत. एकट्या दिनूसाठी नाही."

ती निघाली. चटणीचं तेल पिशवीतून गळत होतं. मी आत गेलो आणि घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा काढला. माझ्या बायकोला माहेरून आलेला, झाकणावर तिचं नाव कोरलेलं. ती जाऊन चार वर्षं झाली होती. चटणी त्यात भरली, डबा वेगळा शिवला आणि दिनूने आईला दिलेला, फौजेच्या टपालाचा नुसत्या आकड्यांचा पत्ता घातला.

"भाऊ, डबा परत येईन," कौसाबाई म्हणाली.

"आलाच पाह्यजे," मी म्हणालो. भांड्यावर नाव असलं की ते परत यायचं असतं.

* * *

समितीने पार्सलवर पत्ता घातला : 'शूर जवान, बर्फाळ सीमा.'

पोस्टातला बाबू म्हणाला, "कोणता जवान?"

गुरुजी म्हणाले, "कोणालाही द्या. सगळेच शूर आहेत."

महाशिवरात्रीला पार्सल परत आलं. लाडवांना बुरशी आली होती. बनियान शाबूत होते. सेठजींनी ते उन्हाळ्यात विकायला काढले.

* * *

पुढच्या दिवाळीला समिती नव्हती. लढाई नव्हती ना.

डबाही नव्हता. पोचल्याचा निरोप होता, बस. कौसाबाई दोनदा नवा डबा घेऊन आली. मी घेतला नाही. "मले तोच पाह्यजे," म्हणालो. मग तिने माझ्या दुकानावरून जाणं सोडलं. मीठही मागच्या गल्लीतून आणू लागली.

सेठजी माझ्या दुकानाच्या ओट्यावर बसून म्हणत, "गेला समजा, भाऊ. घ्या दुसरा."

"नाव कोरलेला भेटते का तुमच्याकडे?" मी विचारायचो. मग ते कापसाच्या भावाचं काढत.

* * *

दिनू सुटीवर आला. हात रिकामे.

"काका, डबा जपून ठेवला हाये."

"मंग आणला काऊन नाई?"

"रिकामा कसा आणू? दुसऱ्याचा डबा रिकामा देऊ नाई, मायनं शिकवलं. अन् तिथं बर्फाशिवाय भरायले काईच नाई."

सेठजी हसले. "अरे वेड्या, इथं येऊन भरायचा होता."

"गावातलंच भरून गावात देऊ? मंग मी इतक्या लांब जाऊन काय केलं?"

सेठजींनी पान तोंडात टाकलं.

* * *

२००२ची दिवाळी. बाजाराचा दिवस, दुकानात गर्दी. सेठजी ओट्यावरच होते. दिनूची बदली खाली, झाडं असलेल्या मुलखात झाली होती आणि तो आदल्या दिवशीच सुटीवर आला होता.

कौसाबाई समोरच्या रस्त्याने आली. भर बाजारातून, सावकाश. पायरी चढली आणि डबा माझ्यापुढे ठेवला.

"पाहून घ्या, भाऊ."

मी आधी झाकणावरचं नाव पाहिलं. मग झाकण उघडलं. अक्रोड. काठोकाठ.

सेठजींनी हात पुढे केला.

मी झाकण लावलं.

"पोचला," मी म्हणालो.