पुलर गोठ्यात सापडला

घरापुढच्या छपरीला लागून असलेल्या खोलीत मी मोटारपंप दुरुस्त करतो. मागच्या धानकापणीनंतर ती खोली एकदाची लावून घेतली. फळ्या ठोकल्या, नटबोल्टांना बरण्या केल्या, भिंतीवर प्रत्येक हत्याराचा आकार ऑइलपेंटनं काढून तिथंच खिळा मारला. कसलं काय! गावाला दुकान सजवून दिल्यासारखं झालं. आधी माझ्याकडे काय काय आहे हे लोकांना ठाऊक तरी नव्हतं. आता दारातूनच बोट दाखवायचे, "तो तिसरा पाना दे."

मी शेतावर मोटार उतरवायला गेलो की हत्यारं द्यायला माय बसलेलीच. कमरेचं हाड मोडल्यापासून तिची खुर्ची छपरीतून हलत नाही. कोणी काय नेलं विचारावं तर म्हणे, "नेला असन कोनी. आनून देतेत." आणून देतात म्हणे! एकानं माझ्या पान्यानं खुंट्या ठोकल्या. एकानं छन्नीनं रंगाचा डबा उघडला आणि तशीच रंगासकट खिळ्याला लटकवून गेला.

उन्हाळी धानाच्या रोवणीत तर कहर झाला. कामठ्याच्या एका माणसाची मोटार उघडून ठेवलेली, तिकडे त्याच्या धानाच्या बांधीतलं पाणी आटत चाललेलं, आणि बेअरिंग ओढायचा पुलर गायब. गावभर फिरलो. सापडला शेजाऱ्याच्या गोठ्यात, म्हशीचं दावं अडकवायला. घरी आल्या आल्या खोलीला कुलूप घातलं.

पुढचे दिवस सुखाचे गेले. हात घालीन तिथं हत्यार. लोक यायचे, कुलूप बघायचे आणि छपरीची पायरी न चढताच परत फिरायचे. माय हाक मारायची, पण त्यांना घाई असायची. मग यायचेही थांबले.

एका दुपारी मी जेवायला वाढलं, तर मायनं ताट बाजूला सरकवलं. "कुलूप काढ."

"कायले? पुन्हा लुटून नेतीन सारे."

"नेऊ दे. पाना मांगाले येत होते त दोन गोष्टी बोलत होते. तुही मोटार बोलते का माह्यासंगं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मायवर नाही, या गावावर. अर्ध्या गावाची बाळंतपणं हिनं केली, रात्री-अपरात्री उठून गेली, आणि हिच्यापाशी दोन घटका बसायला यांना पाना लागतो. बेशरम लेकाचे.

कुलूप काढलं. दुसऱ्या दिवशी तोच शेजारी पायरीखालून पक्कड मागू लागला. मी एक खुर्ची मायच्या पुढ्यात आदळली.

"बस इथं. चहा पी, मायसंगं बोल. मंग नेजो."

"घाईत हाव गा."

"त मंग पक्कड नाही भेटत."

बसला मुकाट्यानं. मायनं पहिलंच विचारलं, "तुही पोरगी बाळंत झाली का?"

झाली होती. बारसंही होऊन गेलं होतं, आणि मायला कोणी सांगितलं नव्हतं.