बाबांच्या सुरीची नवी मूठ

दुपारी बाबा झोपले की घर पाण्याखाली गेल्यासारखं होतं. आवाज येतात, पण लांबून. बोरिवलीच्या आमच्या खिडकीतून नॅशनल पार्कचा डोंगर इतका जवळ दिसतो की त्याचीच झोप घरभर पसरलीय असं वाटावं. अशा कितीतरी दुपारी मी गॅलरीत खाली बसून सुरी घासली. मांडीवर जुना टॉवेल, बोटांना गंज आणि कान आतल्या खोलीकडे. बाबांचं घोरणं थांबलं की माझे हात थांबायचे.

लपून करण्यासारखं त्यात काही नव्हतं. आणि होतंही.

सुरी बाबांची. ते गिरणीत होते तेव्हा आई आणि आम्ही कोकणात, गावी, आणि बाबा गिरणीजवळ एका खोलीत दहा-पंधरा माणसांबरोबर. त्या खोलीत मासे कापायचं काम त्यांच्याकडे. गिरणीच्या वर्कशॉपमधल्या एका दोस्ताने लोखंड कापायच्या करवतीचं मोडकं पातं घासून त्यांना ही सुरी करून दिली, आणि मूठ लावली टाकाऊ धोट्याची. धोटा म्हणजे मागावर सूत घेऊन इकडून तिकडे पळणारा लाकडी तुकडा. पळून पळून तो काचेसारखा गुळगुळीत होतो. पुढे आम्ही सगळे बोरिवलीला आलो, गिरणी गेली, आई गेली. सुरी राहिली. रविवारी बाबा कोळणीशी हुज्जत घालून बांगडे आणायचे आणि ओट्याशी उभं राहून कापायचे. विळीवर कधी बसले नाहीत. "विळी बायकांची, सुरी कामगाराची," म्हणायचे. त्यावर आई विचारायची, "आणि भांडी कोणाची?"

मागच्या पावसाळ्याआधीचा एक रविवार. मी पाणी प्यायला आत गेलो. ताटातलं रक्त मला जरा जास्तच लाल वाटलं. ते बाबांच्या अंगठ्यातून येत होतं. त्यांना पत्ताच नव्हता, गुणगुणत कापत होते. मी हात धरला तेव्हा त्यांनी अंगठ्याकडे पाहिलं, तो दुसऱ्या कोणाचा असावा तसं. संध्याकाळी मी सुरी कागदात गुंडाळली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि बाथरूमच्या माळ्यावर फुटक्या बादल्यांमागे सरकवून दिली.

इथपर्यंत ठीक. कोणीही मुलगा हेच करेल. पुढच्या रविवारी त्यांनी विचारलं, "माझी सुरी खंय गेली रे?" तेव्हा "मी ठेवलीय, आता तुम्ही कापू नका," एवढंच म्हणायचं होतं. पण मग भांडण झालं असतं, आणि मी गप्प बसून वेळ मारून नेणारा माणूस. पेपरातून डोकं वर न काढता म्हणालो, "तुम्हीच कुठेतरी ठेवली असेल, बाबा."

त्यांनी शोधली. पिठाच्या डब्यात, गादीखाली, देव्हाऱ्यामागे. माझी बायकोही त्यांच्याबरोबर शोधायची; तिलाही मी सांगितलं नव्हतं. मग शोधणं थांबलं आणि भलतंच सुरू झालं. रिमोट सापडला नाही की "मीच ठेवला असेन." डाळ अळणी लागली की "मीच मीठ विसरलो असेन." डाळ त्यांनी केलेलीच नसायची. बाजारात जाणं बंद झालं. खरा विसर त्यांना तेव्हा पडू लागला होताच, थोडा थोडा. पण मी त्याला घरात पाट मांडून दिला.

थंडीत त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीण बाईंनी विचारलं, "आजोबा, काय काय विसरायला होतं?"

बाबांनी मान खाली घातली. "माझी सुरी," म्हणाले. "सगळं आयुष्य वापरली. घरातल्या घरात हरवली."

मी शेजारच्याच खुर्चीत होतो.

घरी आल्यावर माळ्यावर चढलो. "सापडली हो, बादल्यांमागे होती," असं सांगून मोकळं व्हायचं, असा विचार. पण पिशवीने पाऊसभर ओल धरून ठेवली होती. पातं गंजून तांबडं झालेलं. धोट्याचं लाकूड उभं चिरलेलं, आतून काळं; हातात घेतल्याबरोबर अर्धी फाक गळून पडली. अशी सुरी त्यांच्यापुढे ठेवणं म्हणजे "बघा, काय करून ठेवलंत," असं म्हणण्यासारखं. आणि नवी मूठ लावली तर ती आपोआप सापडली असं सांगता येणार नव्हतं. हे कळत होतं, तरी मी काम काढलं. कळत होतं म्हणूनच, बहुतेक.

पातं रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं, मग पॉलिश पेपरने घासत राहिलो. गंजाखालून राखाडी रंग वर आला, धुक्यातून रस्ता दिसायला लागतो तसा. मुठीला लाकूड मिळालं ते सोसायटीच्या गेटपाशी. भंगारवाल्यासाठी कोणीतरी शिसवीची मोडकी आरामखुर्ची टाकली होती. तिचा एक हात कापून आणला. त्यावर कोणाच्या तरी तळव्याची झिलई होती. कोण बसत असेल, कशाची वाट बघत असेल, असलं काहीबाही मनात येत राहायचं आणि भुसा मांडीवर साठत जायचा. खुर्चीच्या त्या हाताचे मधोमध चिरून दोन तुकडे केले, पात्याच्या जुन्या भोकांसमोर भोकं पाडली. घासता घासता दुपार कुठे जायची कळायचं नाही. कधी वाटायचं की मी लहान आहे आणि बाबा गावी येताहेत. कधी वाटायचं, मी बाबाच आहे.

एक अडचण होती. त्यांचा हात केवढा, ते मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं एका घरात काढून माहीत नव्हतं.

म्हणून एका दुपारी तुकडे पात्याला दोऱ्याने बांधले, पात्यावर टॉवेल गुंडाळला आणि त्यांच्या पलंगाशी बसलो. त्यांचा उजवा हात उताणा पडला होता. मी हळूच मूठ त्यात ठेवली. बोटं आपोआप मिटली.

डोळे न उघडता ते म्हणाले, "गावली?"

"हो."

"खंय होती?"

"बाथरूमच्या माळ्यावर."

मग डोळे उघडले. "माळ्यावर मी कसा चढलो असेन रे?"

शिडीवरून, असं म्हटलं असतं तरी त्यांनी मान डोलावली असती.

"तुम्ही नाही, बाबा. मी लपवली. तुमचा अंगठा कापला म्हणून. आणि तुम्हाला खोटं सांगितलं."

ते उठून बसले. "म्हणजे मी हरवली नाही?"

"नाही."

"माका येडो केलंस?"

"हो."

वाटलं, हात उगारतील. उगारला असता तर बरं झालं असतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर भलतंच काही उजाडत होतं. ते पुढे सरकले.

"आणि दुधाचं पातेलं जळलं, ते? ते पण तूच?"

"नाही. ते तुम्ही ठेवलं होतं."

"स्टेशनवरून येताना रस्ता चुकलो... तेव्हा खोदकाम होतं ना रे?"

"होतं. पण तुम्ही पार दहिसरच्या बाजूला पोचला होतात."

"सून म्हणते, मी तुझ्या आईला हाक मारून चहा मागितला. तिला तू शिकवलंस?"

मी टॉवेलची किनार बोटाला गुंडाळत राहिलो. "नाही, बाबा. मागितला होतात."

ते मागे टेकले. मूठ सोडली नाही. डोंगराकडे बघत अंगठा लाकडावरून फिरवत राहिले. मग म्हणाले, "जाडी झालीय. करंगळीकडे घास अजून."

नंतर दोन-तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जेवताना सुनेला सांगायचे, "याला विचार, वरण हवं का." तीही त्यांच्या बाजूने. "मलासुद्धा पिठाचे डबे उपसायला लावलेत ना!" मी घासत राहिलो. शेवटी गोंद भरून पितळी खिळे ठोकले, जवसाचं तेल चोळलं. आता रविवारी मासे बाबा कापतात आणि मी समोर बसतो, नजर त्यांच्या अंगठ्यावर.

फक्त आता घरात काहीही हरवलं की ते आधी माझ्याकडे बघतात. परवा त्यांच्या औषधांची डबी मला फ्रीजमध्ये मिळाली, कोथिंबिरीखाली. मी ती टेबलावर आणून ठेवली तेवढ्यात ते आले.

"तूच लपवलीस ना?" त्या चेहऱ्यावर पुन्हा तेच उजाडणं.

"हो," मी म्हणालो. "मीच."

"लाज नाही वाटत? या वयात बापाची मस्करी?" पोटभर शिव्या घातल्या. मग खुंटीवरची पिशवी घेतली आणि किती महिन्यांनी एकटेच बाजाराला निघाले. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. गेटपाशी ते थांबले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि बाजाराच्या बाजूला वळले.