टेपरेकॉर्डर आणि रायची बाटली

मी एकदा टेपरेकॉर्डरचं हेड व्हिस्कीनं पुसलं होतं. हे सांगितलं की नातवंडं आधी विचारतात, हेड म्हणजे काय. व्हिस्कीबद्दल कुणी विचारत नाही.

कॅसेटची फीत ज्याच्यावरून घासत जाते, तो बोटाच्या पेराएवढा धातूचा तुकडा म्हणजे हेड. त्यावर मळ बसला की गाणं गोधडीखालून आल्यासारखं यायचं. मग काडीला कापूस गुंडाळायचा, स्पिरिटमध्ये बुडवायचा आणि पुसायचं.

कॅसेट मला नणंदेच्या मुलीनं दिली होती. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ती मंडळी अमेरिकेहून आली, तेव्हा तिकडच्या रेडिओवरची रॉक गाणी तिनं त्यात भरून आणली होती. सातपूरच्या आमच्या दोन खोल्यांत असलं काही कधी वाजलं नव्हतं. शब्द निम्मे कळायचे नाहीत. ड्रम मात्र असा, की रिकाम्या गोदामाचं दार कुणीतरी तालात आपटतंय. एका गाण्यात गाणारा मध्येच गप्प होतो आणि गिटार एकटी बोलत सुटते. ती नेमकं काय बोलते, हे शोधायला मी ते गाणं पुन्हा पुन्हा मागे घ्यायची. भाजी करपायची. मी स्वतःला फार मोठी रसिक समजत होते, म्हणून करपलेली भाजीही मानानं वाढायची.

नणंदेच्या नवऱ्यानं आमच्या ह्यांच्यासाठी राय व्हिस्कीची बाटली आणली होती. एका शनिवारी ह्यांनी गंमत म्हणून स्टीलच्या पेल्यात माझ्यासाठी थोडी ओतली. त्यांना वाटलं, मी तोंड वाकडं करीन. मी विचारलं, "यात मिरी घातलीय का?" मिरी नव्हती. राय नावाचं धान्यच तसं तिखट, असं पाहुणे म्हणाले होते. तेव्हापासून मला दोन गोष्टींचा नाद लागला. दुपारी गिटार ऐकताना टोपणभर राय, आणि ते धान्य दिसतं कसं याची चौकशी. गिरणीवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "वहिनी, आणा तुम्ही, मी दळून देतो."

सासूबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. त्या येवल्याच्या, पैठणी विणणाऱ्या घरातल्या. माहेरी रोज कुणी ना कुणी जाणारं-येणारं. त्यांना कळलं असतं, तर आठवडाभरात सगळं येवलं मला पिणारी सून म्हणून ओळखायला लागलं असतं. म्हणून बाटली तांदळाच्या डब्यामागे आणि तोंडात वेलदोडा.

त्या दिवशी सासूबाई शेजारी पापड लाटायला गेल्या होत्या. गिटार घोगरी यायला लागली. स्पिरिट संपलेलं, आणि दुपारी औषधाचं दुकान बंद. मी बी.एस्सी. झालेली बाई. डोक्यानं शास्त्रीय विचार केला, की स्पिरिट म्हणजे अल्कोहोल आणि व्हिस्कीतही तेच. कापूस चांगला निथळता बुडवून हेड पुसलं, शेजारचं रबराचं चाकही पुसलं, आणि वाळायची वाट न बघता कॅसेट लावली.

गाणारा गप्प झाला. गिटार सुरू झाली, रेंगाळली आणि थांबली. झाकण उघडलं, तर फीत ओल्या चाकाला चिकटून त्याच्याभोवती गुंडाळली गेली होती. मी ओढायला लागले, आणि दारातून आवाज आला, "वढू नको."

सासूबाई हाताचं पीठ पुसत शेजारी येऊन बसल्या. त्यांनी टेप जवळ ओढला आणि वाकून आत बघितलं. नाक यंत्रापासून वीतभरही लांब नव्हतं. मी श्वास धरून बसले. जणू वास माझ्या श्वासातूनच येत होता.

"रेशीम असं गुतलं का आदी सैल करायचं. वढलं का गेलं," त्या म्हणाल्या, आणि चाक उलटं फिरवत फीत मोकळी करायला लागल्या. मी कॅसेट धरून बसले. मध्ये त्यांनी विचारलं, "हे लय आवडतं तुला?"

"हो."

"काय म्हनतो तो?"

"निम्मं कळत नाही."

"मंग?"

"म्हणूनच ऐकते."

त्या हसल्या नाहीत. फीत निघाली, चुरगळलेली पण अखंड. मी पेन्सिलीनं ती आत गुंडाळली. मग सासूबाई कापसाची काडी उचलून हुंगायला लागल्या. सावकाश, हिंग पारखावा तशा.

"कशाची हाये?"

खोटं बोलायला मला पुरेसा वेळ होता, पण सुचलंच नाही. "राय म्हणून धान्य असतं. थंड मुलखात होतं."

"भाकर व्हती का त्याची?"

"ते मलाही कळलेलं नाही अजून."

त्यांनी काडी पुन्हा एकदा हुंगली, खाली ठेवली आणि पदराला हात पुसत उठल्या. येवल्याच्या एसटीत बसलेली ती बातमी मला डोळ्यांसमोर दिसत होती. दारापाशी पोचून त्या वळल्या.

"प्यायची तर तू पी, बाई. त्या मशीनला कशाला पाजली? त्याला कुठं चव कळती?"