व्हॉल्व्हची चावी आणि अमेरिकेचा कारभार

माझं शिक्षण सातवीपर्यंत. बाकीचं सगळं घरातल्या पोरांची पुस्तकं वाचून झालंय. त्यामुळं नात अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेत नववीत गेली, तेव्हा तिचंही पुस्तक मी सोडलं नाही. धडा होता अमेरिकेचं सरकार कोणत्या पायावर उभं राहिलं त्याचा. कायदा एकानं करायचा, राबवायचा दुसऱ्यानं, तंटा आला तर निवाडा तिसऱ्यानं. सोमवारी तिला हे वर्गापुढं घरचं उदाहरण देऊन सांगायचं होतं, आणि उदाहरण काही सापडेना.

"अगं, आपली बिल्डिंग घे की!" मी म्हटलं. आमच्याकडं थेरगावात पाणी दिवसाआड. टाकीच्या व्हॉल्व्हची चावी अकरा वर्षं माझ्याकडं. "वेळ मी ठरवते, पाणी मी सोडते, भांडण झालं तर तेही मीच मिटवते. आहे का कुठं गडबड?"

ती हसायलाच लागली. "आजी, मग तू तर राजाच झालीस! राजा नको म्हणून तर त्यांनी हे सगळं लिहिलं. आता मी वर्गात तुझंच सांगणार, असं नसावं म्हणून."

"सांग की! पाणी मिळतंय ना सगळ्यांना?"

"तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना विचारू?"

इथं मात्र मी पुस्तक मिटलं. कुंड्यांना पाणी घालण्यावरून त्या बाईंशी माझं वाजलं होतं, आणि त्या आठवड्यात त्यांच्या लाइनीचं पाणी मी दहा मिनिटं आधी बंद केलं होतं. तक्रार घेऊन बाई आल्या त्या माझ्याकडंच. दुसरीकडं जाणार कुठं? मी म्हटलं होतं, "वेळ संपली."

रविवारी पार्किंगमध्ये सगळ्यांना बोलावलं, चावी खुर्चीवर ठेवली आणि झालेलं सांगून टाकलं. वेळ सगळ्यांनी मिळून ठरवली. चावी परत माझ्याकडंच आली. तो आटे झिजलेला व्हॉल्व्ह माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही, हे मला ठाऊकच होतं. तक्रारी मात्र तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी ऐकायच्या, हे मीच सुचवलं.

"बघा हं, पहिली तक्रार तुमच्याविरुद्धच येईल," बाई म्हणाल्या.

"येऊ द्या. घड्याळ घेऊनच बसते."

नातीनं वर्गात दोन्ही सांगितलं, आधीची आजी आणि नंतरची. आधीच्या आजीला पोरं जास्त हसली म्हणे. हसू देत. मी सहाच्या ठोक्याला चावी फिरवते. वरून गॅलरीतून बाई घड्याळ बघतात. मीही मान वर करून विचारते, "बरोबर का?" अजून एकदाही त्यांना नाही म्हणता आलेलं नाही.